अंगणवाडी कुठून आली, आणि तीन वर्षांखालचे मूल कुठे राहिले?

"अंगणवाडीतून पाकीट मिळते, तरी बाळाचे वजन का वाढत नाही?" लहान मुलांच्या डॉक्टरला हा प्रश्न आठवड्यातून दोन-चारदा तरी ऐकावा लागतो. उत्तर बहुतेक वेळा पाकिटात नसते. दिवसभर बाळ कोणाजवळ असते, असे विचारले की ते सापडायला लागते.

शिरवळ-खंडाळ्याच्या पट्ट्यात हायवेच्या दोन्ही अंगांना कारखाने उभे राहिले. त्यांच्याबरोबर भाड्याच्या खोल्या आल्या आणि मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तरेतून कामाला आलेली जोडपी आली. आई पहिल्या पाळीला भल्या पहाटे घर सोडते. गावाकडची सासू सोबत असली तर ठीक. नाहीतर बाळ शेजारणीकडे, किंवा शाळा बुडवून घरी बसलेल्या आठ-नऊ वर्षांच्या बहिणीकडे. गावातल्या शेतमजूर आईचे चित्रही फार वेगळे नाही. ऊसतोडीला आलेल्या आईचे मूल तर फडाच्या कडेला झोळीत असते.

आता वैद्यकीय बाजू पाहा. एक वर्षाच्या मुलाचे पोट त्याच्या मुठीपेक्षा फार मोठे नसते. त्याला मोठ्या माणसासारखे दोन वेळा जेवून चालत नाही. दिवसातून चार-पाच वेळा, थोडे थोडे, घट्ट, तूप-तेल घातलेले अन्न लागते आणि ते कोणीतरी समोर बसून भरवावे लागते. भरवायला वेळ लागतो, संयम लागतो. आठ वर्षांच्या बहिणीकडे यातले काहीच नसते. ती बिस्किट देते आणि रडे थांबवते. चहात बुडवलेल्या बिस्किटाने भूक मरते, पण वजन वाढत नाही. म्हणजे मुलाचे कुपोषण जितके अन्नाच्या टंचाईचे असते, तितकेच माणसाच्या टंचाईचेही असते. हे मला पुस्तकातून कमी आणि वजनकाट्यासमोर जास्त कळले.

आपल्याकडे हे आधी कोणाच्याच लक्षात आले नव्हते, असे अजिबात नाही. महाराष्ट्रात लहान मुलांच्या सांभाळाचा सार्वजनिक विचार दीडशे वर्षांहून जुना आहे, आणि त्याचे एक टोक शिरवळच्या अगदी शेजारी आहे.

नायगाव इथून हाकेच्या अंतरावर. ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाईंचा जन्म तिथला. शिरवळच्या आठवडी बाजाराला गेलेल्या लहानग्या सावित्रीला एका मिशनऱ्याने पुस्तक दिले, ही गोष्ट त्यांच्या चरित्रांतून सांगितली जाते आणि शिरवळकरांना ती पाठ असते. सावित्रीबाई म्हटले की आपल्याला १८४८ ची मुलींची शाळा आठवते. डॉक्टर म्हणून मला १८६३ हे साल जास्त महत्त्वाचे वाटते. त्या वर्षी जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे येऊन बाळंत व्हावे, वाटल्यास मूल ठेवून जावे, मुलाची काळजी घेतली जाईल, अशी ती सोय होती. जन्मलेल्या प्रत्येक मुलाची जबाबदारी घरच्यांनी टाकली तरी समाजाने उचलायची, हा विचार त्या काळी प्रत्यक्षात आणणे म्हणजे काय, याची आज कल्पना करणे कठीण आहे. तिथे जन्मलेल्या यशवंतला या दांपत्याने दत्तक घेतले. तो पुढे डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये आईबरोबर रुग्णसेवेत होता. त्याच सेवेत सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि त्या गेल्या. १८७७ च्या दुष्काळात धनकवडीला दुष्काळग्रस्त मुलांसाठी आश्रम काढून जोतिरावांनी त्यांच्या जेवणाची व्यवस्था केली होती. आजच्या भाषेत पूरक पोषण आहार म्हणा.

शिकवण्याची बाजू नंतर आली. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत फ्रोबेलची बालोद्यान पद्धत पाहिली आणि १८८९ मध्ये शारदा सदन काढल्यावर ती इकडे आणायचा प्रयत्न केला. शहरांत शिशुवर्ग निघू लागले, पण ते फी भरू शकणाऱ्यांच्या मुलांसाठी. आपला सातारा जिल्हा कर्मवीरांचा. वसतिगृहे, शाळा, कमवा आणि शिका, या गोष्टींचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. पण ती सगळी चळवळ शाळेत जाण्याएवढ्या मुलांची होती. त्याच्या आधीची पाच-सहा वर्षे आईच्या कमरेवर, हे सर्वांनी गृहीत धरलेले.

ते गृहीतक मोडले ताराबाई मोडकांनी. राजकोटच्या महिला अध्यापन विद्यालयाची प्राचार्यपदाची नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या. गिजुभाईंनी १९२० मध्ये तिथे बालमंदिर सुरू केले होते. दोघांनी मिळून १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापला. पुढे ताराबाई मुंबईला आल्या, दादरला शिशुविहार काढले. काम उत्तम चालले होते. पण ते शहरी, सुशिक्षित पालकांच्या मुलांचे होते आणि मॉन्टेसरीची साधने महाग होती. हीच गोष्ट त्यांना खटकत राहिली. १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, मुंबईतले स्थिर काम मागे ठेवून त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. सोबतीला आल्या पस्तिशीतल्या अनुताई वाघ. लहानपणीच विधवा झालेल्या, पुढे शिकून शिक्षिका झालेल्या.

बोर्डीतला अनुभव आजच्या प्रत्येक अंगणवाडी सेविकेने वाचावा असा आहे. बालवाडी काढली, पण गरीब वस्तीतली मुले येईनात. घरून कोणी आणून सोडत नव्हते, आणि आलेली मुले अस्वच्छ म्हणून बाकीच्यांना चालत नव्हती. मग ताराबाईंनी उलटे केले. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडी मुलाच्या अंगणात न्यायची. वस्तीतच, कुणाच्या तरी अंगणात, आधी हातपाय-तोंड धुणे, केस विंचरणे, मग गाणी, गोष्टी, खेळ. साधने कोणती? चिंचोके, शिंपले, पाने, माती, काड्या. तिचे नाव पडले अंगणवाडी. हा शब्द पुढे साऱ्या देशाने उचलला. आज ओडिशात किंवा काश्मीरमध्ये "अंगनवाडी" म्हणणाऱ्या माणसाला तो आपल्या किनाऱ्यावरच्या एका वस्तीतून आला हे ठाऊकही नसते.

पण माझ्या दृष्टीने खरा मोठा प्रयोग त्याच्या पुढचा, कोसबादचा. १९५७ मध्ये संस्था डहाणू तालुक्यातल्या कोसबादच्या टेकडीवर गेली. मुले वारली आदिवासींची. शाळा आहे, पण मुले नाहीत, असा नेहमीचा अनुभव. कारणे शोधली तेव्हा दोन मोठी निघाली. मुलगे गुरे राखायला जातात, आणि मुली धाकट्या भावंडांना सांभाळतात. गुरे राखणाऱ्यांसाठी शाळाच कुरणावर गेली. ती कुरणशाळा. आणि मुलींसाठी काय? "भावंडाला घरी ठेवून ये" असे सांगून उपयोग नव्हता, कारण घरी कोणी नव्हतेच. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. ताई कडेवर बाळ घेऊन यायची, बाळ पाळणाघरात, मधले भावंड बालवाडीत आणि ती स्वतः वर्गात. याला त्यांनी विकासवाडी म्हटले.

या मांडणीत एक फार साधी गोष्ट मान्य केलेली आहे. सहा महिन्यांचे मूल, चार वर्षांचे मूल आणि नऊ वर्षांची मुलगी हे एकाच घरातले तीन प्रश्न असतात आणि एक सोडवल्याशिवाय दुसरा सुटत नाही. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. गौरव झाला, पण विकासवाडीतले पाळणाघर मात्र सरकारने योजना करताना उचलले नाही.

सरकारी बाजूचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९४४ च्या सार्जंट अहवालाने तीन ते सहा वयाच्या दहा लाख मुलांसाठी मोफत शिशुशाळांची शिफारस केली होती. ती कागदावर राहिली. घटनेच्या मूळ ४५ व्या कलमात चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांत मोफत शिक्षण देण्याचे उद्दिष्ट होते, आणि त्यात खालची वयोमर्यादा घातलेली नव्हती. म्हणजे दोन वर्षांचे मूलही त्यात बसत होते. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, हे आपण शाळेच्या भिंतीवर वाचतो. पण तो हक्क सहा ते चौदा वयाचा. सहाच्या आतल्यांसाठी ४५ वे कलम नव्याने लिहिले गेले आणि त्यात राज्याने "प्रयत्न करावा" एवढेच राहिले. मेंदूची वाढ मात्र घटनादुरुस्तीची वाट पाहत नाही. दोन वर्षांच्या मुलाचा मेंदू आकाराने मोठ्या माणसाच्या सुमारे ८० टक्के झालेला असतो.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. महाराष्ट्रात मेळघाटातले धारणी आणि मुंबईतली धारावी ही पहिली ठिकाणे. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आईला आहार-आरोग्य शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण अशा सहा सेवा एका खोलीत. कल्पना अत्यंत चांगली. आणि ती चालवायची कोणी? गावातल्याच बाईने, "मानसेवी" म्हणून. मॅट्रिक झालेल्या सेविकेला तेव्हा महिना १५० रुपये मानधन होते. पगार नव्हे, मानधन. या एका शब्दाने पुढची पन्नास वर्षे भांडण लावून ठेवले आहे. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. तरी डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या ताई मानधन आणि ग्रॅच्युइटीसाठी संपावर गेल्या आणि तो संप जानेवारीत बरेच दिवस चालला. तेव्हा अनेकांनी "मुलांचे हाल" म्हणून नाके मुरडली. वजन, उंची, आहार, लसीकरणाची बोलावणी, मोबाइलवरची नोंद, शिवाय शिकवणे, हे सगळे एका बाईकडून करून घ्यायचे आणि तिला स्वयंसेविका म्हणायचे, यातले हाल कोणाचे हेही पाहायला हवे.

योजना गावोगाव पोचायला न्यायालयाची काठी लागली. अन्नाच्या हक्काची याचिका २००१ मध्ये दाखल झाली. त्याच खटल्यात २००४ मध्ये अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत असा आदेश आला. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशाने देशात १४ लाख अंगणवाड्या उघडायला सांगितले आणि आणखी एक गोष्ट सांगितली, जी फार थोड्या पालकांना माहीत आहे. सहा वर्षांखालची ४० मुले असलेल्या वस्तीने मागणी केली तर तीन महिन्यांत अंगणवाडी द्यायची. नवीन वसाहती, भाड्याच्या चाळी जिथे वाढत आहेत, तिथे या आदेशाचा उपयोग व्हायला हवा. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलाला अंगणवाडीतून रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने मिळणे हा हक्क केला. कुपोषित मुलासाठी तेच ८०० कॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम. आज राज्यात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत.

याचा उपयोग झाला का? झाला. २००५ मध्ये महाराष्ट्राने राजमाता जिजाऊ मिशन काढून पहिल्या हजार दिवसांवर लक्ष दिले. दोन वर्षांखालच्या मुलांमध्ये वयाच्या मानाने उंची कमी असण्याचे, म्हणजे खुजेपणाचे, प्रमाण २००५-०६ मधल्या ३९ टक्क्यांवरून २०१२ पर्यंत सुमारे २३-२४ टक्क्यांवर आले. जगभरात याचे कौतुक झाले. पण पुढे गाडी अडली. पाच वर्षांखालच्या मुलांमधला खुजेपणा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ ला ३४.४ टक्के होता, २०१९-२१ ला ३५.२ टक्के.

गाडी का अडली याची कारणे अनेक आहेत. आईचे लवकर लग्न, रक्तक्षय, वारंवार जुलाब. पण मला एक कारण नेहमी दिसते. अंगणवाडी तीन ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसातले काही तास बसवते आणि गरम ताजा आहार देते. तीन वर्षांखालच्याला पाकीट घरी पाठवते. सर्वांत नाजूक वय हेच, आणि याच वयात माणूस नाही, पिशवी मिळते. ते पाकीट कधी सगळे घर वाटून खाते, कधी चव आवडत नाही म्हणून जनावराच्या पाटीत जाते. गावात हे कोणापासून लपलेले नाही. आईवर रागावून काय होणार? ती त्या वेळी कामावर असते.

नुसते अन्न पुरत नाही याचा पुरावाही आहे. जमैकात किंगस्टन शहरात १९८६ च्या सुमारास ९ ते २४ महिन्यांच्या १२९ खुज्या मुलांवर एक अभ्यास झाला. काहींना पूरक आहार दिला. काहींच्या घरी आरोग्य सेविका दर आठवड्याला तासभर जाऊन घरगुती खेळण्यांनी आईला मुलाशी खेळायला, बोलायला शिकवत असे. असे दोन वर्षे चालले. वीस वर्षांनी पाहिले तेव्हा ज्यांच्याशी खेळले-बोलले गेले होते त्या मुलांची कमाई इतर खुज्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त निघाली. नुसत्या आहाराचा एवढा दूरचा परिणाम दिसला नाही. अनुताई चिंचोके आणि शिंपले घेऊन बसत होत्या, ते उगाच नव्हते.

पाळणाघराचा धागा आपल्याकडे तुटक तुटक चालत राहिला. १८१६ मध्ये स्कॉटलंडच्या न्यू लॅनार्क इथे रॉबर्ट ओवेन नावाच्या गिरणीमालकाने कामगारांच्या चालू लागलेल्या मुलांसाठी शाळा काढली होती. कारखाना आणि मूल यांचा संबंध इतका जुना आहे. आपल्या १९४८ च्या कारखाना अधिनियमात ५० पेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर बंधनकारक केले गेले, १९७६ मध्ये तो आकडा ३० वर आणला. हेतू चांगला, पण मोजणी बायकांची असल्यामुळे त्या तीसच्या आतच ठेवणे मालकाला सोयीचे. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि स्त्री-पुरुष मिळून ५० कर्मचारी असले तरी पाळणाघर हवे, आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाता आले पाहिजे, असे ठरले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ५० चा आकडा कायम आहे. कंत्राटावरच्या बाईला हे सांगितले की ती हसते. तिचे नाव कंपनीच्या यादीत आहे की ठेकेदाराच्या, हेच तिला माहीत नसते.

बांधकामावरच्या मुलांसाठी १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी दिल्लीत फिरती पाळणाघरे सुरू केली. गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचे बांधकाम चालू होते आणि मजुरांची मुले तिथेच धुळीत पडलेली होती. पुढे हे काम मुंबईत आणि पुण्यातही आले. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने १९९७ मध्ये दिवसाला पाच डॉलर या दरात सर्वांसाठी पाळणाघरे सुरू केली आणि लहान मुलांच्या आया मोठ्या संख्येने कामावर जाऊ लागल्या. आपल्याकडे आया आधीच कामावर आहेत. फक्त पाळणाघर यायचे आहे.

सरकारी योजनाही होती, राजीव गांधींच्या नावाने २००६ पासून, मग राष्ट्रीय पाळणाघर योजना, आणि २०२२ पासून "पाळणा". यात काही अंगणवाड्यांनाच पाळणाघर जोडायचे आहे आणि देशभरात अशा १७ हजार जागांचे लक्ष्य ठेवले आहे. देशातल्या १४ लाख अंगणवाड्यांपुढे हा आकडा किती, ते तुम्हीच पाहा. वयोगट सहा महिने ते सहा वर्षे. योजनेच्या नियमांप्रमाणे महिन्याला २६ दिवस, रोज साडेसात तास. तिथे झोपायची सोय, आहार, वजन-उंचीची नोंद आणि खेळ. म्हणजे कोसबादचेच, पासष्ट वर्षांनी.

तुमच्या गावात किंवा वसाहतीत कामावर जाणाऱ्या आया किती आणि तीन वर्षांखालची मुले किती, हे अंगणवाडीच्या ताईच्या नोंदीत असते. ग्रामसभेत किंवा पंचायत समितीच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे पाळणा योजनेतल्या पाळणाघराची मागणी करताना ती यादी सोबत न्या. तोपर्यंत, बाळाला सांभाळणारी आजी असो वा शेजारीण, तिच्याजवळ बाळाची वेगळी वाटी देऊन ठेवा. पाकिटातला आहार पातळ पेज करून न देता चमच्यावरून ओघळणार नाही इतका घट्ट शिजवायला सांगा, त्यात चमचाभर तेल किंवा तूप घाला. चहा-बिस्किट बंद. दंडाचा घेर महिन्यातून एकदा ताईकडून मोजून घ्या. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलात तो साडेबारा सेंटिमीटरच्या आत आला तर दवाखान्यात दाखवा, साडेअकराच्या आत आला तर त्याच दिवशी. आणि मोजमापाचा दिवस तुमच्या साप्ताहिक सुट्टीला जोडून ठेवता येईल का, हे ताईला एकदा विचारून पाहा. पहिल्या पाळीतली आई सकाळी दहाच्या मोजमापाला कधीच पोचत नाही.